तिकडची पऱ्हाटी

गुरुवार, रात्री ९

कापसाची तिसरी वेचणी. पाच बाया आल्या होत्या. धुऱ्यावर शिदोरी सोडताना एकीनं विचारलंच, "मास्तर, तुमी समुद्रात बुडी मारून आले म्हन्ते. तिकडे पऱ्हाटी रायते काय?"

बोटीवरच्या सोळा जणांपैकी एकालाही हे सुचलं नसतं.

रायते! इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून जवळपास १,००० किलोमीटर पश्चिमेला, ज्वालामुखींनी समुद्रातून वर काढलेली गॅलापागोस बेटं. लेकीनं हट्टानं नेलं. इसाबेला बेटावर काळ्या दगडांतून चालताना पिवळं फूल दिसलं अन् पाय थबकले. रानपऱ्हाटी, जगात फक्त त्याच बेटांवर होणारी. शास्त्रीय नावात डार्विन आहे. कोणी पेरली नाही, फवारली नाही. एवढंसं बोंड, त्यात मळकट कापूस. हात आपसूक पुढं गेला. गाईडनं अडवलं. पान तोडायचं नाही, खडा उचलायचा नाही, जनावरापासून दोन मीटर लांब राहायचं. समुद्रसिंहांना हा नियम कोणी सांगितलेला नाही, ते वाटेतच आडवे पडतात. माणसाला भीत नाहीत म्हटल्यावर पिकात शिरणाऱ्या नीलगाई आठवून आमचा गडी म्हणाला, "मंग आपले रोही कुठं भेतेत?"

मी पोहायला शिकलो विहिरीत, पाठीला भोपळा बांधून. तिथं अंगाला चिकटलेला रबरी पोशाख अन् तोंडात नळी. विषुववृत्तावरचं पाणी कोमट असेल अशी माझी समजूत. पण पश्चिमेकडून खोल वाहत येणारा थंड प्रवाह या बेटांना धडकून वर येतो. दात वाजले. त्याच गारव्यावर तिथं पेंग्विन टिकलेत. एक तर माझ्या कानाजवळून गोफणगुंड्यासारखा सुटला. खाली काळा सरडा खडकात नखं रोवून शेवाळ ओरबाडत होता, बांधावरच्या शेळीइतक्या निवांतपणे. हे सरडे वर आले की नाकातून मिठाची पिचकारी मारतात. माझ्या नळीत पाणी शिरलं तेव्हा मीही तेच केलं. लेक अजून हसते.

"मंग चिमूटभर कापूस तरी आनाचा," बाई म्हणाली.

नियम सांगितला. "फुकटची पऱ्हाटी अन् वेचू देत नाई? कोन्त्या कामाची!" म्हणत तिनं ओटी बांधली अन् पऱ्हाटीच्या तासात शिरली.

संध्याकाळी काटा लावला. निम्मा कापूस कवडी, म्हणजे किडका निघाला, बोंडअळीचा.