युनियनची मान्यता ते करारावरची सही: महापालिकेतला माझा अनुभव

संघटना बांधण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिला आहे. त्यात मालकाशी वाटाघाटी करण्याचा किंवा संप करण्याचा हक्क आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगून टाकलं. त्यामुळे महापालिकेत हजारो सभासद आणि दारावर मोठा बोर्ड असला तरी आयुक्तांनी युनियनला भेट दिली तर ती त्यांची मर्जी असते. महाराष्ट्रात ही मर्जी कर्तव्यात बदलते ती १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित श्रम प्रथा प्रतिबंध कायद्याने. आपल्याकडे सगळे त्याला ‘पल्प कायदा’ म्हणतात. १९७५ च्या सप्टेंबरपासून तो अमलात आला. मान्यताप्राप्त युनियनशी प्रामाणिकपणे सामुदायिक वाटाघाटी करायला नकार देणं ही मालकाची अनुचित श्रम प्रथा ठरते, असं त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिलं आहे. ‘मान्यताप्राप्त’ या एका शब्दासाठीच आमची सगळी धडपड होती.

मी आमच्या युनियनचं दफ्तर सांभाळतो, म्हणून इथे भाषणांबद्दल न लिहिता कागदांबद्दल लिहितो, आणि तेही नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी संहिता लागू होण्याआधीच्या चौकटीप्रमाणे.

तीस टक्के कशाचे?

मान्यतेचा अर्ज औद्योगिक न्यायालयात करायचा असतो. ज्या महिन्यात अर्ज कराल तो महिना सोडून मागचे सहा पूर्ण कॅलेंडर महिने, आणि त्या सगळ्या काळात, आस्थापनेतल्या एकूण कर्मचाऱ्यांपैकी किमान ३० टक्के तुमचे सभासद असले पाहिजेत. पाच महिने ३४ टक्के आणि एका महिन्यात २९ टक्के भरले, तर अर्ज तिथेच अडकतो. म्हणून आधी छेद, म्हणजे एकूण कर्मचाऱ्यांचा आकडा, पक्का करावा लागतो. महापालिकेकडून एकूण कर्मचाऱ्यांची संख्या माहिती अधिकारात महिनावार मागवा, आणि खातेनिहाय मागवा: घनकचरा, पाणीपुरवठा, आरोग्य, उद्यान, अग्निशमन, मुख्य कार्यालय. आस्थापना विभाग एकच गोळाबेरीज आकडा देतो. त्यात पर्यवेक्षक, अधिकारी आणि मानधनावरची माणसंही मिसळलेली असतात. कायद्यातला ‘कर्मचारी’ म्हणजे औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत बसणारा कामगार. हा फरक अर्जातच मांडला नाही, तर समोरचा वकील छेद फुगवतो आणि तुमची टक्केवारी खाली आणतो.

सर्वांत दुखरी जागा ठेकेदाराच्या कामगारांची. घंटागाडीवर वर्षानुवर्षं राबणारी माणसं महापालिकेचंच काम करतात, पण कागदावर ती ठेकेदाराची. मालक-कामगार नातंच वादात असेल तर पल्प कायद्याखाली तक्रार चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या प्रकरणांत ठरवलं. त्यामुळे ती माणसं ना अंशात येतात ना छेदात. एकेका खात्याचं खासगीकरण होत गेलं की कायम कामगार घटतात आणि वाटाघाटीच्या टेबलावरचं युनियनचं वजनही घटतं. ठेका देण्याच्या निर्णयात पैशांच्या हिशोबाइतकाच हा हिशोबही असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा कामगारांसाठी वाट वेगळी आहे: विवाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे पाठवून घेणं. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने त्याच वाटेने २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडा मिळवला, आणि २०१७ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात टिकला. रस्ता लांबचा आहे, पण बंद नाही.

पावतीपुस्तक

कायद्याच्या दृष्टीने सभासद म्हणजे महिन्याला किमान ५० पैसे वर्गणी भरणारा. रक्कम नगण्य आहे, खरी मेख थकबाकीची. सहा महिन्यांत तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली, की तो माणूस सभासद उरत नाही. मोर्चात पहिल्या रांगेत असला तरी नाही.

वर्गणी पगारातून कापली जात असेल तर प्रश्न नसतो, आणि म्हणूनच दबाव आणायची पहिली जागा तीच असते. राजकीय वारं फिरलं की एखाद्या महिन्यात कपात ‘तांत्रिक कारणाने’ थांबते. दोन-तीन महिने कोणाच्या लक्षात येत नाही, आणि चौथ्या महिन्यात अर्धे सभासद कागदावरून गळालेले असतात. आम्ही यावर सरळ उपाय केला: कपात चालू असतानाही प्रत्येक हजेरी चौकीवर एक प्रतिनिधी आणि एक पावतीपुस्तक. कपात थांबली की त्याच पगाराला रोख वर्गणी सुरू. कपातीसाठी कामगाराचं लेखी संमतीपत्र लागतं. त्याची मूळ प्रत युनियनकडे ठेवा आणि पोच घेतलेली प्रत लेखा विभागाला द्या. संमतीपत्रं ‘सापडत नाहीत’ हे उत्तर मग चालत नाही.

पावतीवर नावापेक्षा कर्मचारी क्रमांक महत्त्वाचा. हजेरीपटावर एक नाव, आधारवर दुसरं, पावतीवर मुकादमाने हाक मारायचं तिसरं, असं सर्रास असतं, आणि तपासणीत अशी प्रत्येक नोंद बाद व्हायचा धोका असतो. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही हवी. पावत्या अनुक्रमाने, स्थळप्रत जागेवर, रोकडवहीत त्याच तारखेची नोंद आणि त्याच महिन्यात बँकेत भरणा. या चार गोष्टी एकमेकींशी जुळल्या तरच पुस्तक खरं मानलं जातं. शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात लिहिलेली पुस्तकं न्यायालयाचा तपास अधिकारी नजरेनेच ओळखतो. शिवाय कामगार संघटनांच्या निबंधकांकडे भरलेल्या वार्षिक विवरणपत्रात सभासदसंख्या कमी आणि मान्यतेच्या अर्जात जास्त, असं असेल तर विरोधी युनियनला दुसऱ्या पुराव्याची गरजच पडत नाही.

अर्ज दाखल झाल्यावर

अर्ज सकृद्दर्शनी ठीक वाटला तर न्यायालय नोटीस काढतं. ती सूचना फलकावर लागते आणि इतर युनियन व मालक यांना हरकती घ्यायची संधी मिळते. शक्यतो तीन महिन्यांत निकाल लावावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ खातात त्या हरकती. सत्ताधारी पक्षाच्या छत्राखालची युनियन बहुतेक ठिकाणी असतेच, आणि तिचे आक्षेप ठरलेले असतात: सभासद दुबार आहेत, पावत्या खोट्या आहेत, यांनी मागच्या सहा महिन्यांत बेकायदा संपाला चिथावणी दिली. हा शेवटचा आक्षेप सिद्ध झाला तर मान्यता मिळतच नाही. म्हणून अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत अचानक ‘काम बंद’ होऊ न देणं ही शिस्त पाळावीच लागते. ते फार जड जातं, कारण चिडवायला नेमका तोच काळ निवडला जातो. कार्यकर्त्यांच्या बदल्या होतात, पाळ्या फिरवल्या जातात. धोरणाच्या नावाखाली आकसाने केलेली बदली चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. तक्रार ९० दिवसांच्या आत करायची असते, आणि कलम ३० खाली अंतरिम स्थगिती मागता येते. कामावर बहिष्कार टाकण्यापेक्षा ही तक्रार शंभर पटींनी उपयोगी पडते.

दुबार सभासदत्वावर तपास अधिकारी काही कामगारांना समोर बोलावून विचारतो: तू कुणाचा सभासद? त्यांना पढवून पाठवू नका. त्यांच्या हातात स्वतःच्या पावत्या असतील एवढंच पाहा.

पदाधिकाऱ्यांच्या यादीबद्दल एक गोष्ट. बाहेरच्या पदाधिकाऱ्यांवर एक तृतीयांश किंवा पाच, यांतली कमी असेल ती मर्यादा होती, आणि मंत्रिपदावरच्या व्यक्तीला पदाधिकारी होता येत नव्हतं. आमदार-खासदारांना मानाचं पद देऊन युनियनला वजन येतं असं अनेकांना वाटतं. तो नेता उद्या मंत्री झाला किंवा पक्ष बदलला, की सगळ्या युनियनची फरफट होते. आम्ही बाहेरचा माणूस घेतला तो कामगार कायद्याचा वकील, आणि त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही.

समोर बसणाऱ्याच्या हातात काय आहे?

मान्यता मिळाली की पत्राला उत्तर येतं, बैठक लागते. सूचना फलक लावता येतो, वर्गणी पगाराच्या जागी गोळा करता येते. जबाबदाऱ्याही येतात: कार्यकारिणीची बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा, ठरावांचं इतिवृत्त आणि सरकारी लेखापरीक्षकासाठी तयार हिशोब. यात ढिलाई झाली तर मान्यता रद्द करायचा अर्ज प्रतिस्पर्धी युनियन करतेच.

मागणीपत्र बनवताना आम्ही मागण्यांचे तीन गठ्ठे केले, आणि संपूर्ण प्रक्रियेत मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच. पहिल्या गठ्ठ्यात आयुक्तांच्या अधिकारातलं: गमबूट, हातमोजे, गणवेश, साप्ताहिक सुट्टी, सेवाज्येष्ठता यादी, आश्वासित प्रगती योजनेची (बढती न मिळालेल्यांना वरची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेची) रखडलेली प्रकरणं. दुसऱ्यात ज्याला अंदाजपत्रकात तरतूद, म्हणजे स्थायी समिती व सर्वसाधारण सभा लागते ते. तिसऱ्यात राज्य शासनाच्या मंजुरीचं: नवी पदं, आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा), वेतनश्रेणी. तिसऱ्या गठ्ठ्यावर आयुक्त बैठकीत मान डोलावतात आणि फाईल नगरविकास विभागात जाऊन आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्ते, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर जाऊ नये या मर्यादेवर आपटते. निवडणुकीआधी गेट सभेत येऊन ‘सगळ्यांना कायम करू’ म्हणणारा नेता हेच सांगत नाही. २०२२ पासून अनेक महापालिकांवर प्रशासक होते. त्या काळात दुसरा गठ्ठाही एकाच माणसाच्या सहीवर आला: मंजुरी वेगाने मिळू शकत होती, पण नकार मिळाला तर दाद मागायला नगरसेवकच नव्हते.

म्हणून तिसऱ्या गठ्ठ्यातल्या कलमांचे शब्द जपून लिहावेत. ‘शासनाची मंजुरी मिळाल्यास अंमलबजावणी करण्यात येईल’ या वाक्यात महापालिकेवर काहीच बंधन नाही. आम्ही आग्रह धरला तो असा: महापालिका ३० दिवसांत परिपूर्ण प्रस्ताव शासनाला सादर करेल, आवक क्रमांकासह प्रत युनियनला देईल, आणि शासनाने त्रुटी काढल्यास १५ दिवसांत पूर्तता करेल. मंजुरी द्यायची की नाही हे शासन ठरवेल. प्रस्ताव दाबून ठेवणं मात्र कराराचा भंग ठरेल. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी, उठण्याआधी, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी पुरं करा. चार दिवसांनी येणाऱ्या इतिवृत्तात ‘मान्य’चं ‘तपासून पाहू’ झालेलं असतं.

संपाची नोटीस

आधी सभासदांचं मतदान आणि बहुमत, मग विहित नमुन्यात नोटीस, मग किमान १४ दिवस थांबायचं. हा क्रम उलटला तर संप बेकायदा. समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, कार्यवाही चालू असताना संप केला तरी बेकायदा. नोटिशीशिवाय दहा किंवा अधिक जण एकत्र गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापला जाऊ शकतो, हे सफाई खात्यात फार थोड्यांना माहीत असतं. कामगार न्यायालयाने संप बेकायदा ठरवला आणि ४८ तासांत तो मागे घेतला, तर या कायद्यापुरता तो बेकायदा मानला जात नाही. ही खिडकी लक्षात ठेवा, मान्यता वाचते. त्याहून वर मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांमधले संप रोखणारा राज्याचा कायदा, आहेच. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप सुरू झाला, त्याच आठवड्यात विधिमंडळात नवा मेस्मा मंजूर करण्यात आला. पाणी आणि सफाई या सेवा अत्यावश्यक आहेतच. पण त्या करणाऱ्यांशी वेळेत बोलणं तितकंच अत्यावश्यक असतं, हे प्रत्येक बैठकीत मी म्हणत आलो आहे.

आमची ही प्रक्रिया जुन्या चौकटीतली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत एकट्याने वाटाघाटी करायला हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तो कुणाकडेच नसेल तर किमान २० टक्के असलेल्या युनियनांची मिळून वाटाघाटी परिषद बनते. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी सामुदायिक रजा टाकली तरी तो संप मानला जातो. टक्केवारी आणि वर्गणी, झगडा याच दोन जागी होतो, आणि तो फक्त आपल्याकडचा नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या पुढाकाराने केलेल्या ‘ॲक्ट १०’ मध्ये बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांची पगारातून वर्गणी कपात बंद झाली. युनियनला दरवर्षी मतदानात एकूण कर्मचाऱ्यांपैकी ५१ टक्के मतं मिळवायची अट आली. मत न देणारा आपोआप विरोधात मोजला जाऊ लागला. त्याच वर्षी ओहायोत मात्र अशाच प्रकारचा कायदा मतदारांनी सार्वमतात फेटाळला.

सही झाल्यानंतर

करार समेट अधिकाऱ्यासमोर करा. दोघांतच झालेला करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो, समेटात झालेला करार सगळ्या कामगारांना, उद्या भरती होणाऱ्यांनाही. मुदत आकड्यांत लिहा. मुदत संपली म्हणून करार संपत नाही, लेखी नोटीस देऊन दोन महिने होईपर्यंत तो चालूच राहतो, हे लेखा विभागाला दाखवून द्यावं लागतं. करार न पाळणं ही चौथ्या अनुसूचीतल्या नवव्या बाबीखालची अनुचित प्रथा. तिथेही ९० दिवसांची मुदत आहे. म्हणून प्रत्येक कलमापुढे अंमलबजावणीची तारीख, जबाबदार खातं आणि तारीख चुकल्यापासूनचा नव्वदावा दिवस असा तक्ता आमच्या दफ्तरात भिंतीवर लावलेला असतो, आणि नवा सचिव आला की पदभाराच्या यादीत तो सर्वांत वर लिहिला जातो.