चेहरा शेवटी पाहा

शाळेत आमचे चित्रकलेचे सर थोर चित्रकारांच्या चित्रांच्या छापील प्रती वर्गात लावायचे आणि बजावायचे, "चेहरा शेवटी पाहा. आधी हात, मग कपडे, मग माणूस बसलाय कसा ते." आज मी व्यक्तिचित्रेच रंगवतो. बघण्याची ही शिस्त मला या शाळेने लावली, हे कृतज्ञतेने नोंदवतो.

जर्मन चित्रकार हॉल्बाइनने १५२७ मध्ये रंगवलेले, इंग्लंडच्या राजदरबारातले मुत्सद्दी थॉमस मोर यांचे चित्र सरांच्या विशेष आवडीचे. फरची कॉलर, लाल मखमली बाह्या, गळ्यात राजसेवेची सोन्याची साखळी. सगळा थाट दरबारी. हनुवटीवर मात्र दाढीचे बारीक खुंट! हॉल्बाइनला ते सहज गाळता आले असते. त्याने ते मखमलीइतक्याच निगुतीने रंगवले, म्हणून त्या पोशाखातला कामात बुडालेला, काहीसा थकलेला माणूस आपल्याला भेटतो.

स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझच्या पोप दहाव्या इनोसंटच्या चित्रात (१६५०) खांद्यावरचे वस्त्र लाल, खुर्ची लाल, मागचा पडदाही लाल. चेहऱ्यावरही तीच लाली. हात खुर्चीवर सैल टेकलेले आहेत, पण ओठ घट्ट मिटलेले आणि नजर अशी रोखलेली की आपलीच झडती चालली आहे असे वाटावे. सत्ता आणि संशय एकाच चेहऱ्यावर इतके स्पष्ट मी दुसऱ्या कुठल्याच चित्रात पाहिलेले नाहीत.

पोशाख किती बोलतो हे अमेरिकन चित्रकार सार्जंटच्या 'मादाम एक्स' या स्त्रीचित्रावरून कळते. काळा गाऊन, फिकट कांती, बाजूला वळवलेला चेहरा. १८८४ मध्ये पॅरिसच्या सालोन या वार्षिक कलाप्रदर्शनात हे चित्र लागले तेव्हा गाऊनचा एक पट्टा खांद्यावरून घसरलेला होता. त्यावर एवढा गहजब झाला की सार्जंटने तो नंतर खांद्यावर नीट बसवून रंगवला. मला विचाराल तर तिची खरी ऐट मानेच्या वळणात आहे आणि ती पट्टा सावरूनही तसूभर कमी झालेली नाही.

माझ्यासमोर चित्रासाठी बसलेला माणूस सुरुवातीला फोटोला बसावा तसा ताठ बसतो, चेहऱ्यावर ठरवून आणलेला भाव असतो. तासाभराने खांदे उतरतात, बोटांची नेहमीची ठेवण परत येते, नजर स्वतःच्या विचारांत जाते. मी खरी सुरुवात तेव्हा करतो. त्याआधीची रेखाटने बहुधा बाजूलाच पडतात.