आमची वाटचाल : तारवाला आणि त्याची फाइल

गिरगावातील आमचे दुकान २००४ साली लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची अक्षरजुळणी आणि गणेशोत्सव मंडळांचे अहवाल या कामांवर सुरू झाले, आणि आजही दुकानाचे भाडे याच कामांतून निघते. त्याच जागेतून २०१८ पासून आम्ही मराठीत एक स्वतंत्र विज्ञानकथात्मक कॉमिक प्रकाशित करीत आहोत. त्यात अतिमानवी शक्ती लाभलेला एक नायक आहे आणि त्याच्या शोधात असलेले सरकारी अधिकारी आहेत. दुकानात येणारे वाचक या मालिकेची हकिगत वारंवार विचारतात, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

माझी पिढी इंद्रजाल कॉमिक्स वाचत वाढली. १९६४ साली मुंबईहून सुरू झालेले हे प्रकाशन १९९० मध्ये बंद पडले, आणि त्यानंतर मराठी मुलांच्या हाती नव्या साहसी चित्रकथा फारशा आल्या नाहीत, याची खंत मला कायम होती. माझा धाकटा भाऊ जे. जे. मधून उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन आला, तेव्हा आपणच एक नायक घडवावा असे आम्ही दोघांनी ठरवले. तो मुंबईचाच असावा आणि त्याची शक्ती कोठून येते हे शाळकरी मुलाला भौतिकशास्त्राच्या आधारे समजावे, असा आमचा आग्रह होता.

ती शक्ती आम्हाला लोकलच्या तारेत सापडली. मुंबईतील विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हार्बर मार्गावरून व्हीटी ते कुर्ला धावली, तेव्हा तारेत १५०० व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा स्थिर, प्रवाह होता. पुढे सर्व मार्ग टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्टच्या एसी, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या, प्रवाहावर आणण्यात आले आणि हार्बरचे रूपांतर एप्रिल २०१६ मध्ये झाले. आमचा नायक हा त्या मार्गावर ओव्हरहेड तारेची देखभाल करणारा रेल्वे कर्मचारी आहे. सहकारी त्याला 'तारवाला' म्हणतात. स्थिर प्रवाहाभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही स्थिर असते आणि त्यातून शेजारच्या वाहकात वीज निर्माण होत नाही. एसी प्रवाह मात्र सेकंदाला पन्नास आवर्तने घेतो, त्याचे क्षेत्र सतत बदलते, आणि फॅरेडेच्या नियमानुसार जवळच्या वाहकात विद्युतदाब निर्माण होतो. म्हणून वर्षानुवर्षे डीसी तारेखाली काम करूनही ज्याला काही झाले नाही, त्या माणसाच्या शरीरात रूपांतराच्या रात्री प्रथमच ऊर्जा साठू लागते. मानवी शरीर ती साठवू शकते, एवढीच आमची कल्पना आहे. साठलेल्या ऊर्जेपेक्षा अधिक काम तो करू शकत नाही, हा नियम आम्ही एकदाही मोडलेला नाही. तो तारेला कधीही हात लावत नाही, हाही नियमच आहे. उच्च दाबाच्या त्या तारेच्या नुसते जवळ गेल्यानेही माणूस दगावतो आणि आमचे बरेचसे वाचक बारा-तेरा वर्षांचे आहेत.

पहिल्या अंकातील सरकारी अधिकारी मात्र आम्ही अगदी उसने आणले होते. काळे चष्मे, काळ्या गाड्या, विनाकारण रोखलेली पिस्तुले. अंकाची चित्रे लोकांना आवडली, पण मंत्रालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ अंक घेऊन दुकानात आले आणि एवढ्या मोठ्या प्रकरणाची फाइल कुठे आहे, असे त्यांनी मला शांतपणे विचारले. त्या प्रश्नाने मालिकेची दिशा बदलली. फाइलच्या डाव्या बाजूला हिरव्या कागदावर टिप्पणी आणि उजव्या बाजूला पत्रव्यवहार कसा लावतात, एखादा विषय खालून वर सादर होताना प्रत्येक स्वाक्षरीबरोबर त्याची भाषा कशी सौम्य होत जाते, हे त्यांनी आम्हाला चार रविवार बसून शिकवले. दुसऱ्या अंकात तारवाल्याच्या मागावर केंद्रातून आलेली एक महिला अधिकारी आणि तिचा कक्ष अधिकारी आहे. तारवाल्यावर कोणताही गुन्हा नाही, पण त्याच्यासारख्या माणसाची नोंद कोणत्या शीर्षाखाली करावी हे सरकारला ठाऊक नाही, आणि तेवढ्यासाठी त्याला ताब्यात घ्यावे काय, हा प्रश्न तिला मनापासून छळतो. ती दुष्ट नाही, हे मला आजही या मालिकेतील सर्वांत मोलाचे वाटते.

तिच्यावर कायद्याची बंधने आली तेव्हा कथेला खरी धार चढली. संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. दुसरीकडे रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये तारेतील वीज बंद केली की तारवाला सामान्य माणसासारखा दुबळा होतो. त्यामुळे त्याला गाठायचे तर ब्लॉकच्या चार-पाच तासांतच, हे अधिकाऱ्यांनाही कळते. ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सीबीआयला तपासासाठी दिलेली सर्वसाधारण संमती मागे घेतली, म्हणजे राज्यातील प्रत्येक नव्या तपासासाठी वेगळी परवानगी मागणे आले. आमच्या कॉमिकमधील अधिकारी बाईंचा केंद्रीय कक्ष काल्पनिक असला तरी आम्ही त्यालाही तोच नियम लावला. तिसऱ्या अंकात ते दोघे राज्याच्या परवानगीची वाट पाहत कुर्ला स्थानकाच्या पुलावर उभे आहेत आणि खाली फलाटावर तारवाला डबा खात आहे. ती आठ पाने माझ्या भावाची आजवरची उत्तम पाने आहेत.

अधिकाऱ्यांच्या ओळखपत्रांवर भारताची राजमुद्रा काढण्याचे आम्ही टाळले. तिच्या गैरवापराला २००५ च्या कायद्याने मनाई आहे आणि धोका पत्करू नये, असा आमच्या वकिलांचा सल्ला होता. भावाने त्यावर अधिकारी बाईंचा अंगठा नेहमी मुद्रेच्या जागी दाखवला, आणि हळूहळू तीच तिची लकब झाली.

छपाईत आम्ही एक मोठी चूक केली. रात्रीची दृश्ये गडद व्हावीत म्हणून रंगीत छपाईच्या चारही शाया पूर्ण, म्हणजे प्रत्येकी शंभर टक्के, ठेवून पाने पाठवली. आर्ट पेपरवर चारही शायांची बेरीज साधारण तीनशे टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, हे ठाऊक असूनही मी तपासले नाही. शाई वाळली नाही, समोरासमोरची पाने एकमेकांवर उमटली आणि पहिल्या अंकाच्या हजार प्रतींपैकी निम्म्या टाकाव्या लागल्या. तेव्हापासून २० बाय ३० इंची कागदाच्या एका तावात बसणारी सोळा पाने मी स्वतः तपासतो, आणि बत्तीस पानांचे दोन्ही फर्मे (सोळा-सोळा पानांचे ताव) मनासारखे झाल्यावरच छपाईच्या प्लेटला होकार देतो.

संवादांच्या फुग्यांतील अक्षरांवर मात्र मी पहिल्यापासून हटून बसलो. देवनागरीला शिरोरेषेच्या वर आणि खाली मात्रांसाठी जागा लागते, म्हणून फुगा आधी आखून त्यात मजकूर कोंबण्याची पद्धत आम्ही सोडली. आता संवाद आधी लिहिले जातात आणि चित्र त्यांना जागा ठेवून काढले जाते. 'ल' आणि 'श' ही अक्षरे मराठी वळणाचीच असतात.

विक्रीची बाजू अजूनही कठीण आहे. एका वितरकाने निम्म्या किमतीच्या सवलतीने घेतलेल्या दुसऱ्या अंकाचे पैसे दिलेच नाहीत. पुस्तकांवर जीएसटी नसल्याने छपाईवर भरलेला करही वजा मिळत नाही. त्यानंतर आम्ही दादरच्या छबिलदास रस्त्यावरील दुकाने, ग्रंथप्रदर्शने आणि थेट टपाल यांवरच भर दिला. भावाशी आणि नंतर आलेल्या रंगकाम करणाऱ्या मुलीशी आम्ही लेखी करार केले. मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचे हस्तांतरण पाच वर्षांचेच मानले जाते, म्हणून आम्ही मुदत लिहिली, आणि मूळ चित्रे चित्रकाराचीच राहतील असेही लिहिले.

सध्या पाचव्या अंकाचे काम सुरू आहे. राज्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये सीबीआयला संमती पुन्हा दिली, म्हणून कथेतील परवानगीही आली आहे आणि रविवारचा ब्लॉक जाहीर झाला आहे. अधिकारी बाई फाइलवर शेवटची टिप्पणी लिहायला बसल्या आहेत. ते पान भावाने तीन वेळा काढले आणि तीन वेळा बाजूला ठेवले, कारण त्या काय लिहितील याबद्दल आम्हा दोघांचे अजून एकमत झालेले नाही.