तुम्ही विचारलंत म्हणून: मग तो फुटणार कधी?

ज्वालामुखीवरून हेलिकॉप्टर फिरवता, मग तो कधी फुटणार ते का सांगत नाही? ऐकून कान किटले, म्हणून एकदाच नीट सांगते. आम्ही ते शोधायला जातच नाही. शिलारस कित्येक किलोमीटर खोल असतो. खडकातून वीज किती सहज वाहते ते मोजणारं तारेचं वेटोळं हेलिकॉप्टरखाली लटकतं, त्याची पोच काहीशे मीटर. तेवढ्यातच आम्हाला हवं ते असतं: सडलेला खडक.

गरम, आम्लधर्मी पाणी झिरपत राहिलं की फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते आणि मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज नाहीसं होतं. तिथून वीज सहज वाहते, चुंबकत्व मात्र पडतं. नुसतं पाणी मुरलेल्या ताज्या खडकातूनही वीज वाहते, पण त्यात चुंबकत्व शाबूत राहतं. सहज वाहणारी वीज आणि पडलेलं चुंबकत्व या दोन्ही खुणा एकाच उतारावर दिसल्या की धस्स होतं, कारण असा उतार कोसळायला उद्रेकाची गरज नसते. अमेरिकेतल्या माउंट रेनियरच्या पश्चिम उतारावरून सुमारे ५०० वर्षांपूर्वी चिखलाचा लोंढा सुटला. त्याचा कुठल्याही उद्रेकाशी संबंध जुळलेला नाही. ऑर्टिंग हे गाव त्याच गाळावर वसलंय. आणि हवाई मोजणीत सडक्या खडकाचा जाड थर दिसला तोही पश्चिमेलाच, वरच्या उतारावर.

एका ज्वालामुखीच्या पायथ्याशी सभा होती. नकाशा लावला. एक आजोबा पुढे आले, सडका खडक दाखवणाऱ्या निळ्या डागावर बोट टेकवलं आणि नदीच्या कडेकडेनं खाली आपल्या घरापर्यंत नेलं.

"हे कधी सुटेल?"

"सांगता येत नाही."

"किती घट्ट आहे?"

"विद्युतरोधावरून ते थेट कळत नाही."

"मग आम्हाला घाबरवायला आलात?"

राग आला. मी म्हटलं, सडका भाग कुठे आणि किती जाड हे कळलं, तरच किती खडक सुटू शकेल याचा अंदाज बांधता येतो, लोंढा कुठवर जाईल याचं गणित मांडता येतं. ते म्हणाले, "तुमचं गणित राहू द्या. मला पळायला किती वेळ मिळेल?"

ते माझं काम नाही, असं तेव्हा मनात आलं. आजही ते खरंच आहे. पण तो निळा रंग त्यांच्यासमोर मीच धरला होता ना?

जिथे दोन्ही खुणा अर्धवट आहेत, ते डाग लोकांना दाखवूच नयेत, असं मी पूर्वी भांडून सांगायचे. आता खात्री नाही हे कळावं म्हणून त्यांवर रेघा मारून दाखवते. सोबतचे म्हणतात, रेघा दिसल्या की लोक तिथे धोका नाही असं समजतात. मला ते पटत नाही, आणि खोडूनही काढता येत नाही.