पासवर्ड बरोबर, पडदा काळा

विंडोजवरून लिनक्सच्या डेस्कटॉपवर शिरायचं, एवढंच काम. लॉगिन होतंय, पासवर्ड घेतोय, आणि पुढे नुसता काळाकुट्ट पडदा! सगळे आधी फायरवॉलवर घसरले. अहो, रिमोट डेस्कटॉपची वाट म्हणजे पोर्ट ३३८९, तोच बंद असता तर लॉगिनची खिडकी तरी दिसली असती का? शेवटी एक्सआरडीपीचा (लिनक्सवर रिमोट डेस्कटॉप पुरवणारा प्रोग्रॅम) लॉग उघडला. सेशन सुरू होतंय आणि लगेच मान टाकतंय. तोच युझर त्या मशिनसमोर आधीपासून लॉगिन होता, आणि ग्नोमला, म्हणजे लिनक्सच्या त्या डेस्कटॉपला, एकाच युझरची दोन ग्राफिकल सेशन्स सहसा झेपत नाहीत. तिकडे लॉगआउट केलं, इकडे डेस्कटॉप हजर. आता म्हणे कॉपी-पेस्ट चालत नाहीये. ते बहुधा चॅनसर्व्हचं दुखणं, म्हणजे एक्सआरडीपीचा क्लिपबोर्ड सांभाळणारा भाग. उद्या बघू, आज डोळे पार शिणलेत.