तुम्ही विचारलंत म्हणून: तीन छंद आणि थोड्याच साइट्स

फोटोग्राफी, हॅम रेडिओ (म्हणजे हौशी लोकांचं रेडिओवरून एकमेकांशी बोलणं) आणि घराण्याचा इतिहास, हे तिन्ही छंद मला आहेत असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठल्या साइट्स बघू? माझी कसोटी एकच. तिथे मूळ गोष्ट स्वतः बघता किंवा ऐकता आली पाहिजे. नुसती मतं मांडणाऱ्या साइट्स न शोधताही सापडतात.

आधी रेडिओ, कारण तिथे लोक उगीच अडून बसतात. बोलायला परवाना लागतो, पण ऐकायला सेटसुद्धा नको. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ रिसीव्हर, ब्राउझरमध्ये उघडा. 29 मेगाहर्ट्झपर्यंतचा हवा तो भाग ऐकता येतो आणि एकाच वेळी शेकडो जण आपापली फ्रिक्वेन्सी लावून बसलेले असतात. 14 मेगाहर्ट्झच्या जरा वर जा, यूएसबी (अपर साइडबँड) मोड निवडा आणि रंगीत वॉटरफॉलमधल्या, म्हणजे सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या पट्ट्यातल्या, रेघा बघा. बारीक तुटक रेघ मोर्सची, रुंद पट्टा बोलण्याचा. मग रात्री 7 आणि 3.5 मेगाहर्ट्झवर या, इथे एलएसबी (लोअर साइडबँड) लावायचा. दिवसा आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, डी थर या खालच्या बँडचे तरंग शोषून घेतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि दूरची स्टेशनं ऐकू येऊ लागतात. रात्र मात्र रिसीव्हर असलेल्या ठिकाणची धरायची, तुमची नाही! एखादा कॉलसाइन (परवानाधारकाचं ओळखचिन्ह) कानावर पडला की क्यूआरझेड डॉट कॉमवर टाका, पलीकडचं माणूस कोण ते बहुधा कळतं. परवाना मिळाल्यावर पीएसके रिपोर्टर ही साइट लागेल: आपला सिग्नल कुठे कुठे पोचला ते नकाशावर दिसतं.

फोटोग्राफीसाठी तांत्रिक शंका फेडायला केंब्रिज इन कलर ही साइट पुरेशी आहे. खरा वेळ द्या तो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहाला. महामंदी आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारी प्रकल्पासाठी काढलेल्या सुमारे 1,75,000 कृष्णधवल निगेटिव्ह तिथे आहेत. छायाचित्रकार डोरोथिया लँगचा 1936 चा 'मायग्रंट मदर', म्हणजे स्थलांतरित मजूर आईचा फोटो, शोधा, पण त्या एका फोटोवर थांबू नका. त्याच वेळचे बाकीचे फ्रेम उघडा. तंबू दिसतोय, मग लँग जवळ जातेय, आजूबाजूचं सगळं गळत जातंय. गाजलेल्या फोटोत उजवीकडे खाली खांबाला धरलेला एक अंगठा होता, तो तिनं नंतर रिटच करून पुसून घेतला. चौकट कशी घडते हे इतकं उघड मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

घराण्याच्या इतिहासासाठी फॅमिलीसर्च ही साइट. खातं फुकट उघडता येतं. 1938 पासून जमवलेली मायक्रोफिल्म (जुन्या नोंदींचे बारीक फोटो असलेली फिल्म), सुमारे 24 लाख रिळं, त्यांनी 2021 पर्यंत डिजिटल केली. तिथली सामाईक वंशावळ कुणीही बदलू शकतं, म्हणून तिच्याकडे फक्त धागा म्हणून बघा. नोंदीचं स्कॅन उघडता येत असेल तर उघडाच. नावांची सूची करणाऱ्याचा अक्षर वाचताना घोटाळा होतो, शिवाय साक्षीदारांची नावं, समासातली टीप, शेजारच्या ओळीतलं त्याच आडनावाचं कुटुंब, यातलं बरंचसं सूचीत येतच नाही. आणि नाव टाकून काहीच मिळालं नाही, तरी शोध सोडू नका. पुष्कळ रिळांची सूचीच झालेली नाही. कॅटलॉगमध्ये माणसाऐवजी गावाचं नाव टाका, वर्ष जुळणारं रीळ उघडा आणि पान पान उलटत चला.