न्हाऊ घालणारी आज्जी

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठावरच्या एका गावात, उपकेंद्रात मी नर्स आहे. आज्जी म्हणजे गावची जुनी सुईण. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली तसं सुईणपण सुटलं, पण बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला तिलाच बोलावणं यायचं. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पाय घसरून तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी मीच तिच्या सुनेला म्हणाले, "आता पुरे झालं, आराम करू दे त्यांना."

घरच्यांनी ते फारच मनावर घेतलं. मुलगा-सून जीव लावणारी, ताटसुद्धा हातात आणून देत. आज्जी मात्र वाळत चालली.

म्हाताऱ्या माणसांची उदासी तपासायला १५ प्रश्न असतात. फॉर्म कन्नडमध्ये, मी तोंडी मराठी करून विचारते. "आयुष्य रिकामं वाटतंय का?" म्हटल्यावर तिनं तळहात माझ्यापुढं धरला. "ह्यो बघ बाई, तेलाचा हात. कसा कोरडा पडलाय."

१५ पैकी ११ गुण भरले. डॉक्टरांकडं पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. त्या हव्याच होत्या. पण ज्या उंबऱ्यावर एकेकाळी दिवसाला चार बायका टेकायच्या, तिकडं कुणी फिरकत नव्हतं. एकटेपणामुळं जगात वर्षाला ८ लाख ७१ हजारांवर माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अंदाज आहे. तो आकडा वाचला तेव्हा मला तो उंबराच दिसला.

जुलैतली गोष्ट. तीन दिवस पाऊस धरलेला, वीज गेलेली. आज्जीच्या चुलत नातसुनेला जुळ्या मुली झालेल्या, दिवस पुरे भरायच्या आधीच. बेळगावहून घरी आल्या तेव्हा एक १८०० ग्रॅम, दुसरी १७५०. सिझेरियन झालेलं, नवरा गोव्यात कामाला, सासू हयात नाही. सकाळी आशाताईचा फोन आला, "सिस्टर, धाकटी दूध ओढंना." मी पोचले तर बाळाचे पाय गार. थर्मामीटर काखेत धरला, ३५.८ सेल्सियस. निदान ३६.५ तरी हवं.

अशा बाळाला उघड्या छातीवर धरतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून सुरू झालेली ही रीत आता सगळीकडं शिकवली जाते. थोरलीला आईच्या छातीवर दिलं. पण टाक्यांनी बेजार झालेली ती पोर दोघींना कशी धरणार? १०८ ला फोन केला, तर नाल्यावरून पाणी वाहत होतं, गाडीला वेळ लागणार होता.

मी आज्जीच्या दारात गेले.

"आंघोळ घालायची?" ती उठलीच.

"आंघोळ नाही आज्जी. नुसतं उराशी धरून बसायचं."

"त्येवढंच? त्येला काय येतंय!"

खोकला-ताप नाही ना, हे विचारलं. तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, छाती पुसली, चोळीची गाठ सोडली आणि भिंतीला उशी लावून रेलली. टोपी-मोजे घातलेलं बाळ मी उभं ठेवलं, मान एका बाजूला वळवली, नाक मोकळं आहे ना पाहिलं आणि वरून तिच्याच लुगड्यानं बांधलं. सुरकुत्यांच्या त्या छातीवर माझ्या मुठीएवढं डोकं. आज्जी हलेना. घटकाभरानं हळूच म्हणाली, "बाई, हिचा श्वास माझ्या श्वासासंगं चाललाय गं."

दीड तासानं ३६.६. वाटी-चमच्यानं आईचं दूध पाजलं, ते गिळलं. गाडी आली तेव्हा आज्जी बाळाला तसंच बांधून आत बसली. मुलगा म्हणत होता, "आई, तुला झेपंल काय?" मी काही बोलले नाही. माझ्या एका सल्ल्यानं काय झालं होतं ते मी बघितलं होतं.

चार दिवसांनी परत आल्यावर रोज सकाळ-दुपार धाकटी आज्जीकडं. शेजारणी बघायला म्हणून येत आणि टेकत. कुणाची पोर पोटुशी, कुणाच्या घरात भांडण, सगळं पुन्हा त्या ओसरीवर यायला लागलं. आता उशीर झाला तर ती मलाच विचारायची, "काटा आणला न्हाईस आज?"

सप्टेंबरात दोघीही अडीच किलोच्या वर गेल्या. काट्यावरचा आकडा आज्जीला वाचता येत नाही, ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"घाला," मी म्हणाले.

तिनं पाणी उपसलं, त्यात कोपर बुडवलं, थोडं गार ओतलं, परत कोपर बुडवलं. मग पाय लांब करून पाटावर बसली आणि म्हणाली, "आण हिकडं."